चारी पाय तपासणारा माणूस

माझे सासरे ढोरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. हे वाक्य मी मुद्दाम पहिलंच लिहिते आहे, कारण आमच्या घरात ते कोणी धडपणे म्हणतच नव्हतं. माझा नवरा ऋषिकेश तर लग्नाच्या बोलणीतच "बाबा मेडिकल विभागात होते" असं गुळमुळीत सांगून मोकळा झाला होता. लग्नानंतर पहिल्यांदा कुहीजवळच्या आमच्या गावी गेले तेव्हा अंगणात एक गाय बांधलेली, आणि सासरे तिच्या मागे उभे राहून शेपटीखाली दोन बोटं लावून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. मी ऋषिकेशकडे पाहिलं. तर हा म्हणे, रिटायर झाल्यावर छंद म्हणून करतात. भैताड कुठला!

आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात आणि सासूला आत्याबाई. गावासाठी मात्र ते बापूजी. एकतीस वर्षं त्यांनी गुरांच्या जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या, नळीने औषधं पाजली. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे, बाकीचे दिवस दवाखाना म्हणजे बापूजीच. त्यांची एक पद्धत होती. जनावर आणलं की ते तोंडाकडे आधी जातच नसत. मागून एक फेरी मारायची, चारी पायांवरून हात फिरवायचा, बैलाची नाडी शेपटीखाली पाहायची, बकरीची मागच्या मांडीच्या आत, आणि मग मालकाला विचारायचं काय झालं म्हणून. मालक घाईत असला, अहो बापूजी पोट फुगलं आहे तर पोट पाहा ना, असं म्हणाला तरी ती फेरी चुकायची नाही. चारी पाय पाहिल्याबिगर मी ढोर सोडत नसतो, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. गावातली पोट्टी अजून त्यांची नक्कल करतात.

आता माझ्याबद्दल. मी रागीट आहे. लपवून काय करू, नागपुरातल्या आमच्या सगळ्या प्रताप नगरला माहीत आहे. सदर भागात एका कुरिअर कंपनीत मी तक्रारीच्या खिडकीवर बसते. पार्सल हरवलेला प्रत्येक माणूस माझ्यावर ओरडतो आणि मला त्याच्याशी गोड बोलावं लागतं. मग दिवसभराचं ते सगळं घरी येतं आणि ऋषिकेशवर निघतं. तो तसा गरीब माणूस, पण ओल्या टॉवेलचा गोळा करून गादीवर टाकतो, त्याला मी काय करू?

एकोणतिसाव्या वर्षी ऑफिसात तपासणी शिबिर झालं आणि माझं बीपी निघालं एकशे शहात्तर. शिबिरातल्या मुलीने दोनदा मोजलं आणि मला खुर्चीवर बसवून पाणी दिलं. घराजवळच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, टेन्शन घेता का, राग येतो का? मी तोंड उघडायच्या आत ऋषिकेश म्हणाला, "खूप." झालं! तिथेच माझा आजार ठरला. एक गोळी सुरू झाली, मग दोन, मग तीन. ऋषिकेशने बीपीची मशीन आणली. भांडण रंगात आलं की हा उठायचा, मशीन आणायचा आणि म्हणायचा, दाखव हात. एकशे ऐंशी, एकशे पंच्याऐंशी. बघ, म्हणायचा, बघ रागाने काय होतं ते. त्या मशीनने मला दोन वर्षं एकही भांडण जिंकू दिलं नाही.

मग उपाय सुरू झाले. सकाळी दुधीचा रस. संध्याकाळी डोळे मिटून बसणं. राग आला की शंभरपर्यंत मोजायचं, मी सत्तावन्नच्या पुढे कधी पोचले नाही. माझी आई तर एकदा म्हणाली, तू एक दिवस स्वतःच्या रागानेच मरशील. आई बोलते ते मनावर घेत नाही मी, पण ते लागलं. कारण मलाही आतून तेच वाटायला लागलं होतं. डोकं ठणकायचं, खिडकीवर बसल्या बसल्या नाकातून रक्त यायचं, पावत्या लाल व्हायच्या, आणि मी मनात म्हणायची, दामिनी, हे तुझंच कर्म. रडून मोकळं व्हावं म्हटलं तर रडण्याचाही राग यायचा.

आणखी एक गोष्ट होती, पण ती मी कोणाला सांगितली नव्हती. तिसऱ्या मजल्यावरचं आमचं घर चढताना माझ्या पोटऱ्या दगडासारख्या व्हायच्या. पाय कायम गार. पण बीपीच्या डॉक्टरकडे पायाचं कशाला सांगायचं, असं माझं डोकं. नवीन चपला घ्याव्या म्हटलं.

गेल्या मे महिन्यात मामाजी आणि आत्याबाई एका लग्नासाठी नागपूरला आले आणि आठ दिवस आमच्याकडे राहिले. मे महिन्यातलं नागपूर! कूलरसमोरून माणूस हलत नाही. आणि मी घरात लोकरीचे मोजे घालून फिरत होते. मामाजींनी पहिल्या दिवशी मोजे पाहिले. दुसऱ्या दिवशी आम्ही बाजारातून आलो, तर ते जिन्यात मुद्दाम माझ्या मागे राहिले. मी प्रत्येक मजल्यावर थांबले, तेही थांबले. वर आल्यावर मी पिशव्या उचलून ठेवत होते, तर ते आधी माझे भरलेले दंड बघत होते आणि मग बारक्या पोटऱ्या. मला ते अजिबात आवडलं नाही. म्हातारा काय बघतो आहे, असं आत्याबाईंना विचारायचंही मनात आलं होतं.

तिसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते. बाहेर मामाजी ऋषिकेशला हळूच विचारत होते की त्या डॉक्टरनं सूनबाईचे चारी पाय पाहिले का. बस्स! माझी सटकली. पोळीचं लाटणं हातात तसंच, मी बाहेर.

"मी काय बकरी आहे का, मामाजी?"

ऋषिकेशचा चेहरा पडला. मामाजी जागचे हलले नाहीत.

"बकरी असतीस तं पहिल्याच दिवशी सापडलं असतं, बाई," ते म्हणाले.

मी लाटणं घेऊन आत गेले. दोन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्या रागाबद्दल न विचारता दुसरंच काही विचारलं होतं.

पण आता पंचाईत अशी, की सासरा सुनेच्या पायाला हात कसा लावणार? आमच्याकडे सून वाकते, सासरा आशीर्वाद देतो, हात डोक्याच्या खाली येत नाही. मामाजींनी एकतीस वर्षं गावातल्या प्रत्येक गाईच्या खुराला हात लावला, पण माझ्या पायाला लावणं त्यांना जमेना. म्हणून त्यांनी आत्याबाईंना शिकवलं. स्वतःच्या घोट्याच्या आतल्या बाजूला मागे बोटं ठेवायला लावली, इथं ठोका लागते का, लागते ना, आता तुझ्या पायात पाहा. आत्याबाईंची गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवण्यात ख्याती, बोटं तयार. दोघांच्या पायात त्यांना ठोका झटकन सापडला. मग माझे मोजे काढून त्या बसल्या. डावा पाय पाहिला, उजवा पाहिला, परत डावा.

"इच्या पायात काहीच नाही वं माय," त्या शेवटी म्हणाल्या.

मामाजी म्हणाले तुझी जागा चुकली असेल. आत्याबाई म्हणाल्या जागा चुकायला मी काय आंधळी आहे. दोघांचं जुंपलं. मग मामाजी उठले, मोरीत जाऊन साबणाने हात धुतले, कोपरापर्यंत, जसे दवाखान्यात धुवायचे तसे, आणि येऊन माझ्यासमोर जमिनीवर बसले. मी पाय वर ओढून घेतले. मामाजी, असं करू नका, मला पाप लागेल, मी म्हणाले. माझा राग कुठे गेला होता कोण जाणे, मला रडू येत होतं.

"पापाचं मी पाहून घेतो," ते म्हणाले. "पाय दे."

मी पाय दिला. त्यांची बोटं गरम होती. घोट्यामागे नाडी पाहिली, पावलावर पाहिली, गुडघ्यामागे पाहिली. मग माझं मनगट धरलं. तिथे नाडी इतक्या जोरात उडत होती की त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. चढताना पोटऱ्या दुखतात का, विचारलं; मी हो म्हणाले. मग त्यांनी लग्नपत्रिकेचं पाकीट मागितलं, पेन मागितलं, आणि दवाखान्याच्या नोंदवहीत लिहायचे तसं नीट अक्षरात लिहिलं: "सून, वय ३१. पुढच्या पायात नाडी जोरदार. मागच्या दोन्ही पायात नाडी लागत नाही. पाय थंड. चढताना पोटऱ्या दुखतात. कृपया चारी पाय पाहावेत."

हृदयाच्या डॉक्टर मधुवंती देवपुजारी यांच्याकडे आम्ही गेलो तेव्हा ऋषिकेशने ती चिठ्ठी खिशात ठेवली होती. तोंडी सांगू म्हणे, मागचा पाय, पुढचा पाय, लोक काय म्हणतील. आत गेल्यावर तो जे तोंडी सांगायला लागला त्यात पहिला शब्द टेन्शन आणि दुसरा राग. मी त्याच्या खिशात हात घातला आणि चिठ्ठी काढून डॉक्टरांच्या टेबलावर आपटली. त्यांनी वाचली. हसू आलं त्यांना, का येऊ नये? कोणी लिहिलं, त्यांनी विचारलं. ऋषिकेश म्हणाला, बाबांनी, ते मेडिकल विभागात होते. आणि मी, इतकी तोंडाळ बाई, गप्प बसले. भीती होती की खरं सांगितलं तर चिठ्ठी कचऱ्यात जाईल. ती गोष्ट मला पुढे खूप दिवस टोचत राहिली.

डॉक्टरांनी मला झोपवलं. हातावर बीपी एकशे अठ्ठ्याऐंशी. मग पट्टा मांडीला बांधला. एकशे आठ. पायात हातापेक्षा थोडं जास्तच असायला हवं, असं त्या म्हणाल्या, आणि त्यांचं हसू गेलेलं होतं. माझ्या पिशवीत आदल्या वर्षी खोकल्यासाठी काढलेला छातीचा एक्स-रे होता. तो उजेडासमोर धरून त्यांनी दाखवलं, फासळ्यांच्या खालच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या झालेल्या. मी तो एक्स-रे वर्षभर कपाटात साड्यांखाली ठेवला होता.

आजार जन्मापासूनचा होता. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी, महारोहिणी, ती डोक्याला आणि हातांना फांद्या देऊन खाली वळते, तिथेच माझी अरुंद होती. अंगठा जावा तिथे पेन्सिलीचं शिसं जाईल एवढी वाट. वरच्या अंगाला रक्ताचा मारा, खालच्या अंगाला टंचाई. मग काढलेल्या स्कॅनचा फोटो डॉक्टरांनी संगणकावर फिरवून फिरवून दाखवला. म्हणजे माझ्या रागाने झालं नाही ना, मी विचारलं. त्या म्हणाल्या, तुम्ही जन्मल्या तेव्हा तुम्हाला राग यायला लागला होता का? मी बाहेर येऊन पार्किंगमध्ये ऋषिकेशच्या गाडीच्या सीटवर डोकं ठेवून रडले. एकतीस वर्षांचा आजार आणि दोन वर्षांची बदनामी, दोन्ही एकदम खाली उतरलं.

घरी मामाजींना समजायला एक मिनिटही लागलं नाही. जन्मभर घरची धानाची शेती केलेल्या माणसाला पाणी शिकवावं लागतं होय? मेन कॅनॉल वरच्या दोन फाट्यांनंतर बुजला आहे, ते आत्याबाईंना सांगत होते, म्हणून धानाच्या वरच्या बांध्या बुडून राहिल्या आणि शेवटच्या कोरड्या. मग पाणी झिरपत आडवाटेनं जाते, त्या फासळ्यांच्या वाटा. पोरगी त्याच्यावर जगून राहिली एवढी वर्षं.

काहींचं हे मांडीतून घातलेल्या तारेवरून जाळी, म्हणजे स्टेंट, नेऊन उघडता येतं. माझी वाट इतकी बुजलेली आणि इतकी वाकडी की सर्जन म्हणाले, छाती उघडून तो तुकडा कापून काढायचा आणि तिथे विणलेल्या कापडाची नळी शिवायची. ते कमी बोलणारे गृहस्थ होते, जे बोलले ते सरळ बोलले. नाही केलं तर हृदय थकेल, किंवा एक दिवस डोक्यातली शीर फुटेल. केलं तर नळी शिवेपर्यंत खालचा प्रवाह अडवावा लागतो, आणि क्वचित, फारच क्वचित, पाय कायमचे लुळे पडतात. तुमच्या आडवाटा चांगल्या तयार झाल्या आहेत, त्या सांभाळतील, असंही म्हणाले. पण मला फक्त पाय लुळे एवढंच ऐकू आलं.

अकरा दिवस मी नाही म्हणत होते. ऋषिकेश समजावून थकला, आई देवळात जाऊन आली, मी कोणाचंच ऐकेना. राग आल्यावर माणूस ओरडतो, पण भीती वाटल्यावर मी कशी वागते ते मलाही पहिल्यांदाच कळत होतं. मी भांडी घासून घासून पांढरी करत होते. शेवटी मामाजींचा फोन आला. गावी रोवणा सुरू झाला होता, धानाची रोपं लावायचे दिवस, एक माणूस कमी पडला तर बांधी पडून राहते. या दिवसांत मामाजी कोणाच्या मयतीलाही फार वेळ थांबत नाहीत.

"मी येतो," ते म्हणाले. "पायथ्याशी मी राहीन. तू डोळे मीट अन् जा."

एवढंच बोलले, आणि मी हो म्हणाले.

ऑपरेशन पाच तास चाललं. डाव्या बगलेखालून पाठीपर्यंत चिरून, फुप्फुस बाजूला सारून त्यांनी तो सुपारीएवढा तुकडा काढला. प्रवाह बावीस मिनिटं बंद होता. हे मला नंतर कळलं. मला पहिलं कळलं ते एवढं, की पाय भाजत आहेत. खरंच भाजत होते! कोणीतरी पायांवर निखारे ठेवल्यासारखं वाटून मी डोळे उघडले आणि अंगठा हलवून चादर लाथाडली. नर्स ओरडली, सर, पाय हलवले. कमी बोलणारे सर्जन धावत आले आणि मला म्हणाले, परत लाथ मारा. मी मारली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. छातीत असं दुखत होतं की श्वास घेववत नव्हता, पण मी अजून एक मारून दाखवली.

भेटायला एकेकाला सोडत होते. ऋषिकेश आला, डोक्याशी उभा राहिला आणि नुसता रडत राहिला. मग मामाजी आले. ते डोक्याकडे आलेच नाहीत. हात धुऊन, चपला दाराबाहेर काढून, पलंगाच्या मागून फेरी मारून सरळ पायथ्याशी. नर्स म्हणाली, आजोबा, सगळं समोर पडद्यावर दिसतं आहे की. ते म्हणाले, दिसते तं दिसू द्या, मले हातानं पाहू द्या. त्यांनी माझ्या उजव्या घोट्यामागे दोन बोटं ठेवली. मनगटावरचं घड्याळ समोर धरलं. मग डावा पाय. त्यांचा ओठ हलत होता, मोजत होते.

"लागली वं बाई," ते म्हणाले. "चारी पाय चालू झाले."

डॉ. मधुवंती दारात उभ्या होत्या. त्या आत आल्या आणि मामाजींच्या पाया पडल्या, पांढऱ्या कोटासकट. मामाजी इतके गडबडले की त्यांनी नर्सलाच आशीर्वाद देऊन टाकला.

नंतरचे काही दिवस बीपी वरच राहिलं, ते तसं राहतं म्हणाले, सलाइनमधून औषधं चालली. मग उतरत गेलं. तीन गोळ्यांची एक झाली, एकीची अर्धी. अर्धी अजून सुरू आहे, वर्षातून एकदा स्कॅनचा फोटोही काढावा लागेल. दिवाळीत गावी गेले तेव्हा मी कापणीला आलेल्या धानातून, धुऱ्याच्या बांधावरून, मामाजींच्या पुढे चालत शेताच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. कुठेही थांबले नाही. मोजे तर मी आत्याबाईंना भांडी पुसायला देऊन टाकले.

आणि ऋषिकेशची अशी समजूत होती की ऑपरेशननंतर मी शांत होईन. म्हणाला नाही कधी, पण वाट बघत होता बिचारा.

नोव्हेंबरातला रविवार होता. मामाजी-आत्याबाई आलेले, माझे सदरचे काका-काकू जेवायला बोलावलेले. सावजी रस्सा केला होता. काकांनी विचारलं, एवढा आजार शेवटी सापडला कोणाला? ऋषिकेश म्हणाला, देवाची कृपा, आणि आमचे बाबा मेडिकल लाइनमध्ये होते ना, त्यांना थोडा अंदाज आला. मामाजी मान खाली घालून भाकरी कुस्करत होते. त्यांचा हात थांबला आणि परत चालू झाला. ते मी पाहिलं, आणि डॉक्टरांच्या खोलीत मी गप्प बसले होते ते आठवलं.

"कोणती मेडिकल लाइन?" मी म्हणाले. "ज्या लाइनीत दोन वर्षं माझा एकच हात पाहिला, ती? की ज्या लाइनीत चारी पाय पाहतात, ती? नाव घ्यायला जीभ जड होते का तुझी?"

मग मी थांबले नाही. टॉवेलपासून दुधीच्या रसापर्यंत दोन वर्षांचं सगळं काढलं. रश्श्याचा डाव माझ्या हातात, काकू घास हातात धरून बसलेल्या. ऋषिकेश घाबरून सवयीने उठला आणि मशीन घेऊन आला. दामिनी, बीपी वाढेल, दाखव हात. मी डाव खाली ठेवला आणि हात पुढे केला. सगळे मशीनकडे बघत राहिले. एकशे अठरा. माझा आवाज अजून खोलीत घुमत होता आणि मशीनवर एकशे अठरा! ऋषिकेशने ते दोनदा वाचलं.

"एक हात पाहून काय होते गा?" मामाजी ताटावरून म्हणाले. "पायालेही लाव ना."

काका-काकूंच्या देखत माझा नवरा खाली बसला, माझा पाय गुडघ्यावर घेतला आणि पोटरीला पट्टा बांधला. मशीन घरघरली. एकशे सव्वीस, त्याने मोठ्याने वाचलं. पट्टा सोडला, पण लगेच उठला नाही. मग तिथूनच काकांकडे मान वळवून म्हणाला, "आमचे बाबा ढोरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. एकतीस वर्षं."